पणजोबांच्या ट्रंकेतला बिगुल खरा की नकली?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. पणजोबा मराठा पलटणीत होते, १९४१ ला भरती झाले आणि १९४६ ला घरी आले. त्यांच्या ट्रंकेत चार प्रकारच्या वस्तू निघाल्या: बिगुलाच्या आकाराचा पितळी बिल्ला, पिवळ्या गोलात लाल कोंबडा असलेलं कापडी चिन्ह, हवालदाराच्या तीन फिती आणि पाच बटणं. त्यावरून तुम्हाला गोडी लागली आणि एका बाजारातून साडेचार हजार रुपयांना तुम्ही आणखी एक बिल्ला घेतला. त्यावर कोरेगावचा स्तंभ आणि आडव्यातिडव्या दोन मशीनगन आहेत. विकणारा म्हणाला, ‘महार रेजिमेंट, एक्केचाळीसची पहिली बॅच.’ पुढे कुणीतरी फोटो पाहून निकाल दिला की ट्रंकेतला बिगुल ओतीव आहे म्हणून नकली, आणि बाजारातला डायचा, सुबक आहे म्हणून अस्सल.

माझं मत बरोब्बर उलटं आहे. बिगुल मी खरा धरतो. बाजारातल्या बिल्ल्याबद्दल मला शंका आहे, आणि त्याच्यासोबत विकलेली एक्केचाळीसची गोष्ट तर नक्कीच चुकीची आहे. का, ते सविस्तर सांगतो, कारण हा घोळ आपल्याकडे बहुतेक नव्या संग्राहकांचा होतो. माझाही झाला होता.

‘ओतीव म्हणजे नकली’ हा नियम आला इंग्लंडमधून. तिथे बर्मिंगहॅमचा गाँट किंवा लंडनचा फर्मिन यांच्यासारखे कारखाने पत्र्यावर पोलादी डायचा दाब देऊन बिल्ले काढत. अशा बिल्ल्याची पुढची बाजू उठावदार आणि मागची बाजू त्याच आकाराची खोलगट असते. कडा कातरीने कापल्यासारख्या स्वच्छ असतात आणि वजन हलकं. त्यांची नक्कल करणारा मातीच्या साच्यात ओततो, म्हणून तिथे ओतीव दिसलं की हात आखडतात. त्यांच्यासाठी हे ठीक आहे. पण १९३९ साली जेमतेम दोन लाखांची असलेली हिंदी सेना १९४५ पर्यंत पंचवीस लाखांच्या घरात गेली. एवढ्या टोप्या आणि एवढे खांदे! जहाजांवर तोफा चढवायच्या की बर्मिंगहॅमचे बिल्ले? मग छावणीच्या आजूबाजूच्या बाजारातला ओतारी, सोनार, शिंपी, मोची ज्याला जमेल त्याने ते बनवले. वाळूत किंवा मातीत ओतलेलं पितळ, कानशीने घासलेल्या कडा, पाठीमागे तांब्याच्या तारेची दोन कडी डाख देऊन बसवलेली. हा माल त्याच वेळचा, त्याच सैनिकांच्या अंगावरचा आहे. त्याला नकली म्हणायचं तर मग खरं कशाला म्हणायचं?

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. पंचविसेक वर्षांपूर्वी एका जुन्या हवालदाराचा मुलगा माझ्याकडे खांद्यावरची पितळी अक्षरपट्टी घेऊन आला. अक्षरं जाडीभरडी, पाठ सपाट, एक कडी वाकडी. मी तेव्हा इंग्रजी कॅटलॉग वाचून नुकताच शहाणा झालो होतो. ‘ओतीव आहे हो, काही किंमत नाही,’ असं मी तोंडावर सांगितलं. पुढे दोन वर्षांनी दुसऱ्याच एका घरात १९४३ चा पलटणीचा ग्रुप फोटो पाहायला मिळाला. पुढच्या रांगेतल्या तिघांच्या खांद्यावर तशाच जाड्याभरड्या पट्ट्या होत्या. मी त्या मुलाला शोधत गेलो. त्याने ती पट्टी मोडीत घातली होती. मीच सांगितलं होतं ना, किंमत नाही म्हणून.

तेव्हापासून मी ‘खरं की खोटं’ हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारतो. आधी विचारतो, हे केव्हाचं म्हणून सांगितलं जातंय, कोणत्या पद्धतीने घडवलंय, आणि कसं झिजलंय? ही तीन उत्तरं एकमेकांशी जुळली तर वस्तू बरीचशी खरी. एक जरी दुसऱ्याशी भांडायला लागलं तरी थांबायचं.

आता अडचण अशी की नक्कल करणाराही ओततोच. मग जुनं ओतीव आणि नवं ओतीव ओळखायचं कसं?

पहिलं हत्यार म्हणजे व्हर्नियर, मिलिमीटरच्या अंशापर्यंत मापणारी चिमट्यासारखी पट्टी. बाजारातल्या बहुतेक नकला एका खऱ्या बिल्ल्याचा ठसा मातीत किंवा रबरात घेऊन ओतलेल्या असतात. वितळलेलं पितळ थंड होताना सुमारे दीड टक्का आकसतं. म्हणजे चाळीस मिलिमीटरचा बिल्ला नकलेत अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त लहान होतो. नकलेचीही नक्कल केली, आणि ती सर्रास करतात, तर मिलिमीटरहून जास्त. डोळ्याला हे कळत नाही, व्हर्नियरला कळतं. मात्र तुलनेसाठी खात्रीचा नमुना हवा. तो नसेल तर ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडून मापं मागवा, फोटो नकोत. फोटोने आजवर जेवढे लोक फसवले तेवढे दलालांनीही फसवले नसतील.

दुसरं म्हणजे जन्मखुणा. ज्या बिल्ल्यावरून साचा घेतला त्याच्यावर ओरखडा असेल, बिगुलाच्या दोरीला खळी असेल, तर ती प्रत्येक नकलेत उतरते. मी एकदा ११० व्या मराठा पलटणीची पट्टी घेतली. विकणाऱ्याने गोष्ट सांगितली होती कुतच्या वेढ्याची, म्हणजे पहिल्या महायुद्धात आजच्या इराकमध्ये पडलेल्या तुर्की वेढ्याची. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी पुणे डिव्हिजनमधून तिथे गेल्या होत्या आणि २९ एप्रिल १९१६ ला उपासमारीने शरण गेल्या, हे खरंच आहे. गोष्ट खरी असल्यामुळेच मी भुललो. शून्याच्या आतल्या कडेला एक बारीक खाच होती. मला वाटलं, गोळीबिळी चाटून गेली असेल. आपलं मन काय काय कल्पना करतं बघा! वर्षभरात त्याच जागी तशीच खाच असलेल्या आणखी दोन पट्ट्या दिसल्या. कुतच्या तीन जवानांना तीन गोळ्या एकाच ठिकाणी चाटून जाणं जरा अवघडच.

तिसरं, आणि मला सर्वांत भरवशाचं वाटतं ते म्हणजे झीज. सैनिक बिल्ला रोज घासायचा, तोही एकाच दिशेने, चिंधीने, घाईत. त्यामुळे उंचवटे आधी गुळगुळीत होतात आणि खोलगट जागा तशाच राहतात. त्या खोलगट जागांत जुन्या पॉलिशचा पांढुरका-हिरवट साका घट्ट बसतो, टाचणीने उकरला तर खडूसारखा निघतो. टोपीच्या कापडाला लागून असलेली मागची कडी एका बाजूनेच झिजते, कारण बिल्ला टोपीवर किंचित हलत राहतो. नकली झीज वेगळी असते. एमरी कागदाने घासलेली असेल तर भिंगाखाली सगळ्या रेघा ताज्या आणि समांतर दिसतात. उंच-सखल दोन्हीवर सारखीच धूळ, तीसुद्धा बोटाने पुसली की जाते. रसायनात बुडवून काळं केलेलं पितळ सगळीकडे एकसारखं काळं असतं, डाखेवरसुद्धा. खरी डाख आणि पितळ वेगवेगळ्या वेगाने जुनी होतात, दोघांचा रंग एक होत नाही.

तुमच्या बिगुलाच्या पाठीचा फोटो तुम्ही पाठवला, हे फार बरं केलंत. बहुतेक लोक पुढचाच पाठवतात. पाठ सपाट आहे, कानशीचे वेडेवाकडे घाव आहेत आणि त्या घावांमध्येही कळक धरलाय. म्हणजे कानस चालली ती जुनी. डाव्या कडीचं टोक झिजून निम्मं झालंय, उजवी जवळजवळ शाबूत आहे. बिगुलाच्या तोंडाकडचा उंच भाग आरशासारखा गुळगुळीत आहे आणि दोरीच्या पिळांत साका आहे. ही रोज घासलेली आणि रोज घातलेली वस्तू आहे. ती ओतीव आहे कारण ती लढाईच्या काळातली आहे.

कड्यांवरून आठवलं. पाठीमागे कडी आहे की पट्टी, की पिन, की स्क्रू, यालाही काळ असतो. दोन कड्या आणि त्यांतून जाणारी पितळी दुहेरी पिन ही जुनी रीत. टोपीत खोचायची उभी पट्टीही इंग्रजांच्या काळातलीच. पण फुलपाखरासारखा दाबायचा क्लच, जो आता कंपनीच्या लोगोपिनांना असतो, तो ब्रिटिश-हिंदी सेनेच्या बिल्ल्यावर दिसला तर मी पुढे बघतही नाही. साडीपिनसारखी पिन डाख देऊन बसवलेली असेल तर थोडं थांबतो, कारण सैनिक घरी आल्यावर एखादा बिल्ला बायकोला ब्रोच म्हणून करून द्यायचे. तशा वेळी मूळ कड्या कापल्याचे दोन डाग पाठीवर सापडतात.

आता काळाचं गणित. हे सोपं आहे, पण लोक करत नाहीत.

मुकुटापासून सुरुवात करू. १९०१ ते १९५२ या राजांच्या काळात मुकुटाच्या कमानी माथ्याशी घुमटासारख्या गोल चढतात. व्हिक्टोरियाच्या आणि एलिझाबेथच्या मुकुटाच्या कमानी मधोमध खचलेल्या असतात. मग ‘राजाचा मुकुट म्हणजे जुना माल’ असं गृहीत धरावं का? अजिबात नाही. चार्ल्स राजाने २०२२ मध्ये पुन्हा तोच घुमटाचा मुकुट निवडला. त्यामुळे आज इंग्लंडमध्ये अधिकृतपणे बनणाऱ्या नव्याकोऱ्या बिल्ल्यांवरही तो आहे. आपल्याकडे आणखी एक गैरसमज आहे, मुकुट म्हणजे १५ ऑगस्ट १९४७ च्या आधीचं. तेही नाही. स्वातंत्र्य मिळालं तरी २६ जानेवारी १९५० पर्यंत आपण डोमिनियन होतो आणि सेनेच्या चिन्हांवर मुकुट होता. अशोकाचे सिंह आले प्रजासत्ताकाबरोबर. १९४८ च्या काश्मीरमधल्या लढाईत लढलेल्याच्या खांद्यावर मुकुट असेल तर दचकू नका.

मग आकडे. मराठा पलटणींचे १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ हे क्रमांक हिंदुस्थानचा तेव्हाचा सरसेनापती किचनर याच्या १९०३ च्या फेररचनेतून आले आणि १९२२ ला संपले. त्या साली सगळ्या एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली, बेळगाव हे घर झालं. जुनी १०३ झाली पहिली बटालियन, १०५ दुसरी, ११० तिसरी, ११६ चौथी, ११७ पाचवी; ११४ मात्र दहावी, म्हणजे प्रशिक्षणाची. लढाई संपता संपता, १९४५ ला, ‘पाचवी’ हा आकडाही गेला. म्हणजे पाचाचा आकडा आणि अशोकाचे सिंह एकाच बिल्ल्यावर असणं म्हणजे शिवकालीन नाण्यावर रुपयाचं नवं चिन्ह. तरी असे बिल्ले मी विकायला आलेले पाहिलेत. स्पेलिंगही बघा. इंग्रजांच्या काळात ते एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए असं लिहीत, एच आधी आणि टी दोनदा. आपण आज लिहितो तसं ‘मराठा’चं स्पेलिंग प्रजासत्ताकाच्या काळातलं. साचा बनवणारा कारागीर आजचं स्पेलिंग डोक्यात घेऊन बसलेला असतो आणि तिथेच तो सापडतो.

या गणिताने तुमच्या पाचव्या वस्तूचा निकाल लावू.

पहिल्या महायुद्धात १११ वी महार पलटण उभी राहिली आणि ती पुढे मोडली. दुसऱ्या महायुद्धात महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली, पहिली बटालियन ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला. ती पायदळाची रेजिमेंट होती. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता, वर इंग्रजीत ‘महार’ हा शब्द. मशीनगनचा संबंध आला ऑक्टोबर १९४६ मध्ये, तिचं मशीनगन रेजिमेंटमध्ये रूपांतर झालं तेव्हा. त्यानंतर स्तंभासोबत आडव्यातिडव्या व्हिकर्स गन आल्या आणि पुढे स्तंभाची जागा कट्यारीने घेतली. आजही तीच आहे. तर मग १९४१ च्या ‘पहिल्या बॅच’वर १९४६ च्या गन कुठून येतील? दुकानदार इथेच अडकला.

म्हणजे तुमचा बिल्ला नकली ठरला का? अजून नाही. स्तंभ आणि गन दोन्ही असलेला बिल्ला खरोखर वापरात होता, फक्त तो एक्केचाळीसचा नव्हे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरचा खरा बिल्ला असेल तर उलट तो चांगलाच दुर्मीळ. पण तुमच्या फोटोत मला ज्या गोष्टी खटकल्या त्या अशा: डायचा असूनही मागची बाजू जवळजवळ सपाट आहे, उठावाचं उलट रूप मागे नाही. गनच्या नळ्यांमधली पार्श्वभूमी सगळीकडे एकसारखी खरखरीत आहे, जशी हल्ली यंत्राने कोरलेल्या डायची येते. कुठल्याच उंचवट्यावर झीज नाही, पण सगळीकडे सारखा तपकिरी रंग आहे. कड्या चकचकीत आणि एकदम सरळ. माझा कल ‘अलीकडचा’ याकडे आहे. हातात घेऊन, वजन करून बघितल्याशिवाय याहून पक्कं मी बोलणार नाही, आणि कुणी फोटोवरून शंभर टक्के खात्री देत असेल तर त्याला दुरून नमस्कार करा.

एक गोष्ट मात्र समजून घ्या. कोरेगावच्या स्तंभाचं चिन्ह हा अनेक घरांच्या अभिमानाचा विषय आहे, आणि आठवण म्हणून, श्रद्धेने घ्यायला बनवलेले नवे बिल्ले असणं यात काहीच वावगं नाही. तसा बिल्ला तुम्ही तीनशे रुपयांना घेतला असता तर मी एक शब्द बोललो नसतो. माती लावून, चहात बुडवून, त्यालाच १९४१ चा करून विकणं ही फसवणूक. अशी मागणी जिथे जास्त तिथे नकला जास्त, हा नियम आझाद हिंद फौजेच्या चिन्हांना तर दुपटीने लागू. झेप घेणाऱ्या वाघाचं, जर्मनीतल्या हिंदी लीजनच्या बाहीवरचं चिन्ह मला वर्षाला निदान दहा जण दाखवतात. आजवर एकही मला पटलेलं नाही.

आता कोंबडा. खरं सांगू? तुमच्या ट्रंकेतला माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा ऐवज हाच आहे.

पिवळ्या गोलातला लाल झुंजार कोंबडा म्हणजे २३ वी हिंदी डिव्हिजन. युद्धात बाहीवर पलटणीचं नाव लिहिलं तर शत्रूला आयती माहिती, म्हणून प्रत्येक डिव्हिजनने चित्र घेतलं: चौथीचा लाल गरुड, सतरावीची काळी मांजर, पंचविसावीचा काळा इस्पिक, विसावीची तलवार. २३ वी मणिपूर-इम्फाळच्या आघाडीवर होती. तिच्या ४९ व्या ब्रिगेडमध्ये मराठा बटालियन होत्या, आणि त्यांतली चौथी मार्च १९४४ मध्ये सांगशाकच्या टेकडीवर पॅराशूट ब्रिगेडच्या खांद्याला खांदा लावून जपान्यांशी लढली. युद्धानंतर हीच डिव्हिजन जावाला गेली. सुरबायात ४९ व्या ब्रिगेडचा ब्रिगेडियर मॅलबी ३० ऑक्टोबर १९४५ ला मारला गेला. तुमचे पणजोबा १९४६ ला परतले. घरात कुणाला ‘जावा’ किंवा ‘इंफाळ’ हे शब्द ऐकल्याचं आठवतं का ते विचारा. आजीला विचारा. बटालियनचा क्रमांक चौथा निघाला तर तुमच्या हातात सांगशाकपर्यंत जाणारा धागा आहे. पण तो क्रमांक कागदावरून यायला हवा, कोंबड्यावरून नव्हे. डिव्हिजनमध्ये मराठ्यांशिवाय इतरही अनेक पलटणी होत्या.

कापडी चिन्हाची परीक्षा पाठीवरून होते. पुढची बाजू उन्हाने आणि धोब्याने विटते, मागचा धागा मात्र मूळ रंगाजवळ राहतो. तुमच्या कोंबड्याचा लाल पुढे विटकरी झालाय आणि मागे अजून कुंकवासारखा आहे. चहात किंवा काथात बुडवून जुनं केलेलं कापड दोन्ही बाजूंनी सारखंच तपकिरी होतं. कडेला बाहीच्या कापडाचा, खाकी ड्रिलचा, एक दोरा अडकलाय तो काढू नका. टाके उसवल्याची भोकं एकाच रांगेत आहेत की दोन, तेही बघा. दोन असतील तर चिन्ह एका शर्टावरून दुसऱ्यावर गेलं, आणि हे खऱ्या वापराचं लक्षण आहे.

भरतकाम वेडंवाकडं आहे, कोंबड्याचा पाय जाड झालाय, म्हणून तुम्हाला शंका आली. येऊ नये. ही चिन्हं कुठे छापलेली, कुठे फेल्ट कापून शिवलेली, कुठे बाजारातल्या शिंप्याने मशीनवर भरलेली असत. एकाच डिव्हिजनचे दहा कोंबडे घ्या, दहा वेगळ्या जातींचे वाटतील. उलट संगणकी मशीनवर भरलेलं, प्रत्येक टाका मोजून मारल्यासारखं चिन्ह दिसलं की मला धास्ती वाटते. जरीचं काम असेल तर वेगळी सावधगिरी हवी. बनारसला आणि सीमेपलीकडे सियालकोटला सैनिकी चिन्हांचं जरीकाम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय आणि आजही जगभर जातं. तिथला नवा माल उत्तम कारागिरीचा असतो. म्हणून कारागिरी पाहून वय ठरवू नका.

अतिनील दिव्याचं सगळे विचारतात. दिवा वापरा, पण अर्धाच विश्वास ठेवा. युद्धानंतर पांढऱ्या धाग्यांत आणि धुण्याच्या पावडरीत उजळपणा आणणारी रसायनं आली, ती अंधारात या दिव्याखाली निळसर चमकतात. एखाद्या चिन्हातला एकच धागा भगभगीत चमकला आणि बाकीचे नाहीत, तर तो धागा नवा. पण सगळंच मंद चमकत असेल तर कदाचित १९८० च्या सुमारास तुमच्या आजीने ती ट्रंक उपसून सगळं धुण्याच्या पावडरीत बुडवलं असेल. अशी एक संपूर्ण वर्दी मी पाहिली आहे, बिचारी ख्रिसमसच्या झाडासारखी चमकत होती, आणि होती अस्सल. दोरा जाळून बघायचा उपाय लोक सांगतात, पॉलिस्टर वितळून गोळी होते वगैरे. बरोबर आहे ते, पण ऐंशी वर्षं टिकलेली वस्तू तपासण्यासाठी जाळायची म्हणजे हद्दच झाली.

बटणं आणि फितींबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बटणाच्या पाठीवर कारखान्याचं नाव असेल तर भिंगाने वाचून कळवा. पत्ते बदलत गेल्यामुळे त्यावरून काळ लागतो. मात्र नावावर विसंबू नका, नकलांवरही नामवंत कारखान्यांची नावं मारलेली असतात. फिती एकट्याने काही सिद्ध करत नाहीत, पण कोंबड्याच्या शेजारी, त्याच ट्रंकेत, त्याच माणसाच्या म्हणून त्यांना अर्थ आहे. त्या वेगळ्या विकू नका. गेल्या वर्षी एका घराने बिल्ला एकाला, चिन्ह दुसऱ्याला आणि पदकं तिसऱ्याला दिली. तिघांकडे तीन वस्तू गेल्या आणि एक माणूस नाहीसा झाला.

आता काय करू नका ते. पितांबरी, चिंच, लिंबू, राख, काही लावू नका. ऐंशी वर्षांचा पुरावा पाच मिनिटांत नळाखाली जाईल. कोंबड्याला लॅमिनेशन नको, फ्रेमच्या काचेला चिकटवणंही नको. लोकरी कापड असेल तर कसर लागते, सुती असेल तर पावसाळ्यात बुरशी धरते. म्हणून साधा पांढरा, छपाई नसलेला सुती कपडा, त्यात गुंडाळी, वर डबा, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि दर दसऱ्याला एकदा उघडून सावलीत हवा. प्लॅस्टिकच्या मऊ पाकिटात पितळ ठेवू नका, दोन पावसाळ्यांत ते हिरवं चिकट होतं.

करायचं ते असं: डिस्चार्जचा कागद, पेन्शनचं पुस्तक, एखादं पत्र, काहीही सापडलं तर त्यावरचा सैनिकी क्रमांक उतरवून घ्या. तो क्रमांक आणि नात्याचा पुरावा जोडून बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरच्या अभिलेख कार्यालयाला पत्र लिहा. इमेलपेक्षा पोस्टाने. उत्तराला वेळ लागतो, पण मी लिहिलेल्या सहा पत्रांपैकी चारांना उत्तर आलं. तोवर घरातल्या वयस्कर माणसांकडून आठवतील तेवढ्या गोष्टी फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, चुकीच्या असल्या तरी.

कायद्याचं थोडक्यात. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते, खासगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही. तुमच्या वस्तू अजून त्यात येत नाहीत, पण पहिल्या महायुद्धातलं काही घेतलंत तर हे लक्षात ठेवा. परदेशातला ग्राहक ‘कुरियर करा’ म्हणतो तेव्हा अडकतो तो विकणारा. आणि आजच्या सेनेचा गणवेश किंवा चिन्हं अंगावर घालून सैनिक असल्याचा आव आणणं हा गुन्हा आहे, जुन्या दंड संहितेतही होता, नव्या न्याय संहितेतही आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात नातवाला पणजोबांचा बिल्ला लावायला हरकत नाही. फक्त नंतर तो मुलाकडून परत घ्यायला विसरू नका.

पाचव्या बिल्ल्याचं साडेचार हजारांचं काय, तर विकणाऱ्याकडे जा आणि शांतपणे एवढंच विचारा: एक्केचाळीसला पायदळ असलेल्या पलटणीच्या बिल्ल्यावर मशीनगन कशी? पैसे परत देणारे दुकानदार असतात, मी पाहिलेत. देत नसेल तर बिल्ला ठेवा, डब्यावर ‘अलीकडचा’ अशी चिठ्ठी लावा आणि ट्रंकेतल्या वस्तूंपासून दूर ठेवा, म्हणजे पन्नास वर्षांनी तुमच्या पणतूची फसगत होणार नाही.

एक शेवटचं काम. कोंबड्याचं तोंड डावीकडे आहे की उजवीकडे, ते बघून कळवा. अशी चिन्हं दोन्ही बाह्यांवर लावत, आणि प्राणी-पक्षी असेल तर दोन्हींचं तोंड पुढच्या दिशेला हवं म्हणून जोडी आरशातल्यासारखी उलटसुलट बनवत. तुम्हाला एकच सापडलाय. ट्रंकेच्या तळाचा कागद उचला, झाकणाच्या अस्तरात हात घालून बघा, आणि आजीच्या शिवणाच्या डब्यातही. दुसरा कोंबडा कुठेतरी असणार.